कोणतं कार्ड

जुनं कार्ड उतरवलं तेव्हा दोन्ही हात लागले,
झोपलेलं मांजर उचलावं तसं.
दोन पंखे. डाव्याला मागच्या चैत्रात
शिवणयंत्राचं तेल दिलेलं,
पात्यांवर करड्या रुईचा थर.
अक्कलकोट रोडवर धूळसुद्धा सुताची असते.

नवं आलं नवी पेठेतून,
रेवणसिद्ध हत्तुरेंच्या स्कूटरच्या डिकीत,
शेंगाचटणीच्या पुड्याशेजारी.
बोटभर जाड. पंखा एकच, वाटीएवढा.
दिवे नाहीत, अंगावर ड्रॅगन नाही.
पितळी पिनांची एक ओळ, आणि बिल.

श्रीकरनं रात्री गेम लावून पाहिला.
जुन्यावर मोटार सुसाट जायची,
नव्यावर वळणाला जरा अडखळते.
"मेमरी अकराची बारा, बस्स?
आत्या, फसवलं गं तुला."

त्याला काय सांगू.
जुनं अडीचशे वॉट खायचं,
मे महिन्यात, पत्र्याखाली,
गुडघ्याला पेटती शेगडी टेकवून
मी टॉवेलच्या काठावर कमळं भरायचे.
लाईट गेली की यूपीएस चार मिनिटांत मान टाकायचा,
आणि शेवटचं कमळ अर्धंच राहायचं.
नव्याला सत्तर वॉट पुरतात.
वेगळी वायरसुद्धा मागत नाही.
आणि मेमरीत कुठे एक आकडा उलटला
तर आपला आपण सुलटा करून घेतं,
कुणाला न सांगता.

नायना बाजेवर बसून होते.
मागांनी कान नेलेत त्यांचे, म्हणून ओरडून सांगितलं,
"नवं कार्ड आणलंय!"
त्यांनी विचारलं, "किती भोकांचं?"

मी हसले. मग हसले नाही.
एकेचाळीस वर्षं पुठ्ठ्याला भोकं पाडली त्यांनी,
जेकार्डच्या माथ्यावर चढणारी,
दोरीनं ओवलेली कार्डं, एका मोराला बाराशे.
एकदा एक भोक चुकलं.
चारशे चादरी निघाल्या,
प्रत्येक मोराच्या डोळ्याखाली एक तीळ.
मालक रात्रभर ओरडला.
सकाळी हुबळीचा व्यापारी आला, माल पाहिला,
म्हणाला, तीळवालेच द्या, अजून दोनशे.

ती चूक या नव्या कार्डानं केली नसती.
तशी जुन्यानंही नाही.
त्याची चूक वेगळी: पडद्यावर पांढरा ओरखडा,
मग सगळं निळं, मग माझी शिवी.
त्यातून कधी तीळ निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी नव्या पडद्यावर
मोराच्या गळ्यात एक रंग दिसला.
हिरवा म्हणावा तर नाही, राखाडीही नाही,
पावट्याची शेंग वाळायला लागते तेव्हाचा.
फाईल तीच, चार वर्षं जुनी.
म्हणजे तो रंग मीच भरला होता
आणि मलाच दिसला नव्हता.

मैनुद्दीनभाईंना बोलावून दाखवला.
चष्मा वर, चष्मा खाली, मग म्हणाले,
"ये रंग तुम्हारी काच में है, दीदी,
मेरे हौद में नै."
चादरीला धागे आठ रंगांचे. तेही महागलेत.
मी तो बदलून बाटली-हिरवा केला.

जुनं आता श्रीकरच्या टेबलाखाली घरघरतं.
हिवाळ्यात पाय शेकतील, म्हणतो.
इथे एवढी शांतता झालीय
की भिंतीपलीकडचे येमूलांचे माग
पहिल्यांदाच वेगवेगळे ऐकू येतात.
काल रात्री साडेदहाला
तिसऱ्या मागाचा एक ठोका हुकला.
धागा तुटला असणार.
मी माऊसवरचा हात उचलून थांबले.
पलीकडे कुणीतरी पायाखालचं स्टूल सरकवलं,
आणि बराच वेळ
ठोका सुरू झाला नाही.